कणसूर

"थांबा, थांबा!" ताईने हात वर केला तसा ऑर्गन थांबला, चेलो थांबला, आणि आपली पाळी येईपर्यंत मागच्या बाकांवर बसलेल्या वीस-बावीस जणांनी माना वर केल्या. "वहिनी, परत उतरलीस तू. एका ओळीत तिसऱ्यांदा."

"हो ताई, माझंच चुकलं," वहिनी म्हणाली आणि तिने हातातल्या कागदावर पेन्सिलीने उगाचच एक खूण केली.

ताई तिला वहिनी म्हणायची, कारण ती होतीच ताईच्या धाकट्या भावाची बायको. पण ताईचं ऐकून ऐकून अख्खा गायनवृंद तिला वहिनी म्हणायला लागला होता, अगदी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले ऑर्गनवाले काकासुद्धा. तसाच ताईचा भाऊ हा सगळ्यांचाच भाऊ. तो चेलो वाजवायचा. व्हायोलिनचाच थोरला भाईबंद, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरतात आणि गजाने वाजवतात तो. दिवसा भाऊ पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढायचा, वहिनी एका लॅबमध्ये लोकांचे कृत्रिम दात घडवायची, ताई शाळेत गणित शिकवायची. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तिघंही वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तीनशे वर्षांपूर्वीचं, बरोक काळातलं चर्चसंगीत घेऊन बसायची. हौसेचा मामला. पण ताईच्या हातात पडलं की हौसेचीसुद्धा वार्षिक परीक्षा होते, हे सगळे जाणून होते.

आता खरं काय ते सांगून टाकतो. वहिनीचं काहीही चुकत नव्हतं. सूर उतरत होता तो भाऊचा.

पाच आठवड्यांपूर्वी त्याच्या डाव्या हाताची करंगळी बधिर झाली. "हातावर झोपलो असेन," तो म्हणाला. मग शेजारचं बोट गेलं. वहिनीने चार दिवस त्याची समजूत काढली, पाचव्या दिवशी सरळ हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. तिथून दुसरा डॉक्टर, मग ते बोगद्यासारखं मशीन, मग फोटो. मानेच्या मणक्यात गाठ होती, मज्जारज्जूला खेटून. सर्जन आडपडदा न ठेवता बोलणारा माणूस होता. "गाठ काढू. कसली आहे ते काढल्यावर कळेल. बोटांचं मात्र मी वचन देत नाही. गेलेली परत येतील, किंवा आहेत तीही जातील." ऑपरेशनची तारीख मिळाली सोमवारची. आणि कार्यक्रम होता आदल्या दिवशी, रविवारी पाच वाजता.

भाऊने बायकोला एकच गोष्ट मागितली. "रविवार होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. ताईला तर नाहीच नाही. तिला कळलं की ती मला उशीला टेकवून घरी बसवणार, आणि त्यानंतर मी पुन्हा वाजवेन की नाही कुणाला ठाऊक. एवढं एकदा वाजवू दे गं मला." असं म्हटल्यावर बायको काय करणार? वहिनीने शब्द दिला.

गाणंही नेमकं असं होतं की त्यात लपायला जागा नाही. मरणाऱ्या मुलाजवळ उभी असलेली आई, दोन बाईमाणसांचे आवाज, खाली चेलो आणि ऑर्गन, बस्स. वरचा आवाज ताईचा, खालचा वहिनीचा. आणि त्यांच्या खाली चेलो अर्ध्या अर्ध्या सुराने पायऱ्या उतरत जायचा, पुन्हा वर येऊन पुन्हा उतरायचा, शेवटपर्यंत. चेलोवर सतारीसारखे पडदे नसतात, खुणा नसतात. बोट कुठे पडायचं ते बोटालाच माहीत असावं लागतं. भाऊच्या दोन बोटांना आता ते माहीत नव्हतं. ती जराशी खाली पडायची. जराशी म्हणजे किती, तर कणभर. पण वहिनी दाताला केसाएवढी पातळी कमी-जास्त झाली तर हातात घेऊन ओळखणारी, आणि उभी राहायची चेलोच्या अगदी शेजारी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या काळजात धस्स झालं. आणि पुढच्याच क्षणी, काही ठरवायच्या आत, तिने आपला सूर खाली नेला आणि त्याच्या सुराला टेकवला.

दोघं मिळून चुकले की ती चूक चेलोची वाटत नाही. चेलो खाली घुमतो, आवाज वर कळतो. ऑर्गन आपल्या जागी, ताई आपल्या जागी, मग कणसूर कोण? वहिनी. ताईच्या मनात भावाबद्दल शंका यायचं कारणच नव्हतं. त्याच्या सातव्या वर्षी तिनेच त्याच्या हातात गज दिला होता, आणि त्याचा कान तिने स्वतः घासूनपुसून तयार केला होता.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. बायकोचा सूर आपल्याला बरोबर मिळतोय हे ऐकून भाऊला वाटत होतं, आपलं जमतंय.

त्या गुरुवारी तालमीवरून घरी येताना तो चक्क शीळ वाजवत होता. "बघ, उगाच घाबरवलंस मला. डोक्याने वाजवतोय मी आता, बोटांचं कामच नाही." जिना चढता चढता तो थांबला. "तुझं काय चाललंय पण? ताई काही उगाच ओरडत नाही. तुझं लक्ष नाहीये."

वहिनीला असा राग आला की चेलोची पेटी जिन्यावरून खाली ढकलून द्यावी. आणि तेवढीच त्याची दयाही आली. "होईल नीट," ती म्हणाली आणि किल्ली शोधण्यासाठी पिशवीत डोकं खुपसलं.

शुक्रवारी लॅबमध्ये तिच्या हातून एका गृहस्थाचे पुढचे चार दात खाली पडले, आणि ती ते गोळा करत असतानाच फोन वाजला. ताई होती. "वहिनी, रागावू नकोस. मी रात्रभर विचार केला. तुझा भाग उद्या पोस्टातली गाऊन बघेल. तिला पाठ आहे."

पोस्टातली म्हणजे पोस्टात काम करणारी, मागच्या रांगेत उभी राहणारी एक गुणी बाई. तिचा सूर ऑर्गनवर असा बसायचा की हलता हलत नसे. ती गायली की भाऊ उघडा पडणार. सगळ्यांसमोर, ताईसमोर, आणि त्याच्या स्वतःच्या कानासमोर.

काम सुटल्यावर ती तडक ताईच्या घरी गेली. ताई जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसली होती. लाल पेन बाजूला ठेवून तिने समोरची खुर्ची ओढली.

"ताई, मलाच गाऊ द्या. पाया पडते तुमच्या."

"अगं, पाया कसल्या पडतेस? मला काय हौस आहे तुला काढायची?" ताईचा आवाज नरम झाला. आणि तो नरम झाला की ती शिकवायला लागायची. "हे बघ, ह्या गाण्यात काय केलंय त्या माणसाने? तू तुझा सूर धरून उभी राहतेस, आणि मी येऊन तुला खेटून उभी राहते. दोन सूर इतके जवळ आले की टोचतात. ते टोचू द्यायचं. पूर्ण टोचू द्यायचं. मग तू एक पायरी खाली येतेस आणि ऐकणाऱ्याच्या जिवाला जरा बरं वाटतं. सगळं सांत्वन त्या एका पायरीत आहे. पण तू आधीच ढेपाळलेली असतेस, मग कसलं टोचणं आणि कसलं बरं वाटणं? दुखण्यापासून पळतेस तू, वहिनी."

वहिनीने दातांखाली ओठ धरला. मी पळते! मी!

ताई तिच्याकडे बघत होती. "घरी काही आहे का? भावड्याशी भांडलीस? खरं सांग."

एवढं सोपं होतं. एक वाक्य, आणि छातीवरचा धोंडा उतरला असता. टेबलावरच्या उत्तरपत्रिकांवर लाल फुल्याच फुल्या होत्या. ताईने आयुष्यात कुणाची चूक तशीच सोडलेली नव्हती. ही ती सोडेल?

"नाही हो, काही नाही," वहिनी म्हणाली. "लॅबमध्ये काम फार आहे सध्या."

"मग उद्या पोस्टातलीच गाऊ दे," ताई म्हणाली आणि तिने पेन उचललं.

शनिवारची तालीम कार्यक्रम होणार होता त्याच जुन्या चर्चमध्ये होती. दगडी भिंती, उंच छत, आणि थंडी इतकी की बायकांनी शाली सोडल्या नव्हत्या. पोस्टातली बिचारी वहिनीची नजर टाळत तिच्या जागी येऊन उभी राहिली. "मी नको म्हटलं होतं हो ताईंना," ती पुटपुटली. वहिनी पहिल्या बाकावर बसली आणि तिने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. भाऊने तिच्याकडे पाहून खांदे उडवले, काय करणार, ताईचा हुकूम. त्याला बायकोचं वाईट वाटत होतं. स्वतःची काळजी त्याच्या चेहऱ्यावर नावालाही नव्हती.

चेलो सुरू झाला. पहिली पायरी ठीक. दुसरी ठीक. वहिनी मनात मोजत होती. तिसरी ठीक, इथे अजून चांगली असलेली बोटं होती. चौथीला करंगळी पडली.

पोस्टातलीचा सूर ऑर्गनवर खिळ्यासारखा ठोकलेला होता, आणि त्याच्याखाली चेलो उघडावाघडा, कणसूर. कणसूर कसला, आता मणभर ऐकू येत होता. मागच्या रांगेत कुणीतरी मान वळवली. भाऊने दचकून बोट वर सरकवलं, ते फार वर गेलं. खाली आणलं, ते फार खाली आलं. अंधारात भिंतीवरचं बटण चाचपावं तसा तो सूर चाचपत होता आणि गज मात्र चालूच होता. पोस्टातली गप्प झाली. "माझं काही चुकलं का हो?" तिने घाबरून विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "तुझं नाही."

ताई आपली जागा सोडून भाऊजवळ आली. तिने त्याचा डावा हात चेलोवरून काढून आपल्या हातात घेतला. "करंगळी वाकव."

करंगळी थोडीशी हलली.

"किती दिवस?"

भाऊने हात सोडवून घ्यायला पाहिलं. तेव्हा वहिनी बाकावरून उठली आणि तिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत. पाच आठवडे, गाठ, सोमवार. सर्जन काय म्हणाला तेही. सांगताना तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही.

"पाच आठवडे," ताई म्हणाली. "आणि मी हिला चारचौघांत उभी करून..." तिने वहिनीकडे पाहिलं. "तू जाणूनबुजून उतरत होतीस. त्याच्यासाठी."

वहिनीने मान हलवली. आणि त्याच क्षणी भाऊच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं की आपण काय केलं. त्याला आत्ता उमगत होतं. "म्हणजे जमत नव्हतं," तो म्हणाला. "तू माझ्याबरोबर चुकत होतीस. आणि मी शीळ वाजवत घरी येत होतो."

"मला दुसरं काही सुचलं नाही रे."

त्याने गज हातात घेतला आणि त्याच्या टोकाचा स्क्रू फिरवायला लागला. वाजवणं संपलं की गजाचे केस सैल करतात ना, तसा. "काकांचा ऑर्गन आहेच," तो म्हणाला. "ऑर्गनवर गा तुम्ही. मी खाली बसून ऐकतो."

"स्क्रू आवळ," ताई म्हणाली.

"ताई, पुरे आता. लोकांसमोर शोभा नको."

"आवळ म्हणते ना!" हा आवाज वर्गातला होता. मग ती वळली. "काका, उद्या ह्या गाण्यात तुम्ही नाही वाजवायचं. हात मांडीवर ठेवून बसायचं."

ऑर्गनवाले काका चष्म्यावरून बघायला लागले. "अहो ताई, ऑर्गन नसला तर धरायचं कशाला? तुमचा सूर सुटेल."

"सुटू दे."

हे कोण म्हणत होतं, तर पर्समध्ये किल्ल्यांच्या शेजारी सूर तपासायचा स्वरकाटा घेऊन फिरणारी बाई. तीस वर्षांत पाव सूर कमी-जास्त झाला म्हणून तिने माणसं घरी पाठवली होती.

"वहिनी, ये इकडे, तुझ्या जागेवर उभी राहा. आणि भावड्या, तू वाजवायचं. खाली जा, वर जा, कुठे जायचं तिथे जा. आम्ही दोघी येतो तुझ्या मागोमाग."

"मग आत्ता करून बघू या का?" पोस्टातलीने भीत भीत विचारलं.

"कशाची तालीम करणार?" ताई म्हणाली. "उद्या त्याची बोटं कुठे पडतील ते त्याला तरी ठाऊक आहे का?"

रविवारी चर्च निम्म्याहून जास्त भरलं. सोमवारची पिशवी घरी दाराशी भरून ठेवलेली होती, त्यात त्याचे कपडे, कागद, सगळे फोटो. आणि हे सोडून वहिनीला दुसरं काहीच आठवत नव्हतं. पहिला शब्द कोणता, तोसुद्धा नाही. ऑर्गनवाल्या काकांनी हात उचलून मांडीवर ठेवले. भाऊने तिच्याकडे पाहिलं. शनिवारपासून तो तिच्याशी धड बोलला नव्हता. मग त्याने डोळ्यांनीच विचारलं, आणि तिने मान हलवली.

पहिल्या तीन पायऱ्या नीट. चौथीला बोट पडलं ते चांगलंच खाली. वहिनी गेली त्याच्याबरोबर. आणि मग वरून ताई आली. तिने आयुष्यभर जपलेला तो सरळसोट सूर हलला, वाकला, आणि भावाच्या सुरावर येऊन टेकला. वहिनीच्या अंगावर सरसरून काटा आला. पाच आठवडे ती ह्या जागी एकटी उभी होती, आज शेजारी कुणीतरी होतं. ताई खेटून आली, दोन सूर एकमेकांना टोचले, आणि वहिनीने ते टोचू दिलं. मग पायरी उतरली. मग पुन्हा.

असं करत करत तिघं किती खाली आले, देव जाणे. ऐकणाऱ्यांना काय कळत होतं कोण जाणे. पुढच्या बाकावरची एक बाई रुमाल न काढताच रडत होती आणि तिच्या शेजारचा गृहस्थ कपाळाला आठ्या घालून बसला होता. भाऊच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एकदा बोट इतकं भलतीकडे गेलं की दोघींना ते सापडायला अर्धा श्वास लागला. पण सापडलं.

शेवटचे दोन सूर आले, आणि भाऊने डावा हात चेलोवरून काढून घेतला. वहिनीला वाटलं, संपलं, हात गेला. पण नाही. ते दोन सूर मोकळ्या तारांवरचे होते. त्यांना बोट लागतच नाही, नुसता गज पुरतो. तारा सकाळी जशा लावल्या होत्या तशाच, खणखणीत, आपल्या जागेवर वाजल्या. दोघी कुठच्या कुठे खाली राहिल्या होत्या. ताईने डोळे मोठे केले, वहिनीने श्वास भरला, आणि चढ चढल्यासारख्या त्या दोघी बरोबरीने वर आल्या आणि त्याच्या सुरावर येऊन थांबल्या. तो हात मांडीवर ठेवून गज ओढत राहिला, गज संपेपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर ती तिघं बाजूच्या खोलीत बसली होती. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. आठ्या घालून बसलेला गृहस्थ येऊन ताईला सांगून गेला होता की बाकी सगळं उत्तम, पण ते मधलं गाणं जरा कणसूर झालं. "झालं खरं," ताई म्हणाली होती. तिने वाद घातला नाही याचं ऑर्गनवाल्या काकांना इतकं नवल वाटलं की ते दारातच उभे राहिले.

"उद्या किती वाजता?" ताईने विचारलं.

"सातला दाखल व्हायचं," वहिनी म्हणाली. "नऊला आत नेतील."

"मी सहालाच येते."

गाणं झालं, सोमवार होता तिथेच होता. भाऊने बसल्या बसल्या वहिनीचा हात शोधून धरला, उजव्या हाताने. तेवढ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

डावा हात ताईकडे होता. ती एकेक बोट चेपत होती, लहानपणी त्याच्याकडून सरगम घोटून घेताना चेपत असेल तशी. भाऊने डोळे मिटले.

"थांब, सांगू नकोस," तो म्हणाला. "मला कळतंय. करंगळी धरलीयस तू. हो ना? करंगळीच."

वहिनीने पाहिलं. ताईच्या चिमटीत करंगळी नव्हती, तिच्या शेजारचं बोट होतं. ताईने वर पाहिलं, वहिनीची आणि तिची नजर भिडली. मग ताईने, त्याला कळू न देता, ते बोट हलकेच सोडलं आणि करंगळी धरली.

"हो," ती म्हणाली. "बरोब्बर."